४.१० चे पैसे घेतले, क्राऊन-पिनियनला हातही लावला नाही

मागच्या एक्सलचे गिअर, म्हणजे क्राऊन-पिनियन (शाफ्टच्या टोकाचा छोटा गिअर तो पिनियन, तो ज्या मोठ्या दातेरी कड्याला फिरवतो ते क्राऊन), बदलायचा किडा ज्याच्या डोक्यात आहे त्याने आधी हे वाचा, लांब आहे पण वाचा.

मी मिशिगनमध्ये राहतो, डेट्रॉईटच्या बाजूला. २००७ ची मस्टँग जीटी सेकंडहँड घेतली, ४.६ लिटर व्ही८, पाच गिअरची मॅन्युअल. कंपनीकडून मागे ३.५५ चा रेशो येतो, म्हणजे प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सकडून मागच्या एक्सलला जाणारा दांडा) साधारण साडेतीन वेळा फिरला की चाक एकदा फिरतं. नाशिकला कॉलेजात असताना आरएक्स १०० ला पुढचं स्प्रॉकेट एक दात कमीचं टाकून घ्यायचो, पिकअप वाढायचा आणि टॉप मार खायचा, हिशोब तोच. त्यामुळे आपल्याला यातलं कळतं असा माज होता.

पिकअपसाठी हा आकडा वाढवायचा होता, ३.७३ घ्यायचा की ४.१० यात दोन महिने घातले. ३.५५ वरून ३.७३ म्हणजे जेमतेम पाच टक्के फरक, ४.१० म्हणजे साडेपंधरा टक्के. माझे टायर साधारण २७.२ इंच उंचीचे, पाचवा गिअर ०.६८, त्या हिशोबाने ७० मैलांच्या स्पीडला ३.५५ वर इंजिन साधारण २,०९० आरपीएमवर फिरतं, ३.७३ वर २,१९० आणि ४.१० वर २,४१०. हे आकडे मला पाठ होते आणि हेच पाठांतर पुढे माझ्या अंगाशी आलं.

ओळखीतून एक गॅरेज मिळालं. मालक बोलायला एकदम गोड, म्हणाला ३.७३ ने तुला काही जाणवणार नाही, पैसे वाया जातील, सरळ ४.१० टाक. ११५० डॉलरमध्ये सगळं, क्राऊन-पिनियन, बेअरिंग, शिम (पातळ चकत्या), लेबर, आणि स्पीडोमीटर चुकू नये म्हणून गाडीच्या कॉम्प्युटरचा ट्यून, म्हणजे सेटिंग बदलणं. हे शेवटचं लक्षात ठेवा.

दोन दिवसांनी गाडी घ्यायला गेलो तर डिफचं (मागच्या एक्सलमधला डिफरेन्शियल, हे गिअर त्यातच असतात) कव्हर काळंभोर रंगवलेलं, आणि खोक्यात तेलाने माखलेलं एक जुनं क्राऊन, म्हणे हे तुझं काढलेलं. कशाला शंका येईल? वर सूचना पण दिल्या, पहिले ५०० मैल जोरात मारू नको, पंधरा-वीस मिनिटं चालव आणि थंड होऊ दे, नंतर ऑइल बदलून घे. या सूचना नव्या गिअरसाठी अगदी बरोबर आहेत, म्हणून तर विश्वास बसला. गाडी चालवली तर पाय ठेवल्याबरोबर उडी मारत होती. घरी येईपर्यंत मी खूश.

हायवेवर डॅशबोर्ड बघितला, ७० ला २,४०० च्या थोडं वर. बरोब्बर. दुसऱ्या गिअरला ६,००० पर्यंत खेचली तर काटा ५९ वर, ४.१० ला हिशोबाने तेवढाच यायला हवा. मायलेज २२ वरून १९ वर आलं, तेही अपेक्षितच, रेशो वाढला की पेट्रोल जास्त जाणारच. बायकोला हे सगळं उत्साहाने समजावून सांगितलं, तिने फक्त विचारलं की मग फायदा काय झाला. तेव्हा मी हसलो होतो.

एकच गोष्ट खटकत होती. पाचशे मैल झाल्यावर शून्य ते साठ मोजायला घेतलं तर वेळ आधीपेक्षा जास्त लागत होता. मला वाटलं आता साठच्या आत तिसरा टाकावा लागतो म्हणून असेल, किंवा माझंच शिफ्टिंग ढिलं. माणूस स्वतःला किती छान समजावतो बघा.

मग एका शनिवारी आय-७५ वरून डेटनला निघालो होतो. ओहायोत लिमिट ७०, मी क्रूझ कंट्रोल बरोबर ७० वर लावलेलं आणि निवांत. बाकीच्या गाड्या एकेक करून मागे पडत होत्या, म्हटलं ओहायोवाले हळू चालवतात. फिंडलेच्या आसपास मागे लाल-निळे दिवे. ८१, पोलीस म्हणाला. मी म्हटलं शक्यच नाही, क्रूझवर होतो. त्याने रडार दाखवलं आणि तिकीट दिलं. हे वाक्य तो दिवसातून दहा वेळा ऐकत असणार.

डेटनला नागपूरचा मित्र आहे, त्याला रडारला शिव्या देत सगळं सांगितलं. तो म्हणाला, अबे रडार राहू दे, फोनवर जीपीएस लाव न. गेलो दोघं. डॅशबोर्डवर ६०, फोनवर ६९. हायवेच्या कडेला मैलाच्या पाट्या असतात, त्याही बघितल्या, दहा मैल गेलो तर ट्रिप मीटर ८.७ दाखवतोय. मित्र थोडा वेळ गप्प बसला, मग म्हणाला ४.१० भागिले ३.५५ कर. केलं. ७० गुणिले ते म्हणजे ८१ ला थोडं कमी.

बाईकमध्ये ही भानगड नव्हती, आरएक्सच्या स्पीडोमीटरची केबल पुढच्या चाकातून यायची, मागे काहीही बदला काटा खरंच बोलायचा. मस्टँगमध्ये सेन्सर गिअरबॉक्सच्या मागच्या टोकाला, शाफ्ट किती फिरला ते मोजतो, आणि कॉम्प्युटर त्याला मागच्या रेशोने भागून स्पीड काढतो. रेशो तुम्ही सांगाल तो. या महाशयांनी गिअर न बदलता कॉम्प्युटरला नुसतं सांगितलं की मागे ४.१० आहे. झालं. कॉम्प्युटर स्पीड कमी दाखवायला लागला, त्यामुळे ७० ला २,४१० आरपीएम दिसले, काटा साठवर येईपर्यंत गाडी खरी ६९ ला गेलेली म्हणून शून्य ते साठला वेळ जास्त लागला, मैल कमी मोजले गेले त्यामुळे पेट्रोल तेवढंच जाऊनही मायलेज पडलेलं दिसलं. आणि ती उडी? थ्रॉटल इलेक्ट्रॉनिक आहे, ट्यूनमध्ये पाय थोडा दाबला की बटरफ्लाय (इंजिनला हवा सोडणारी झडप) जास्त उघडेल असं करून ठेवलं होतं. पूर्ण दाबल्यावर गाडी होती तिथेच. मी जेवढे पुरावे तपासले तेवढे सगळे एकाच खोट्या आकड्यातून आले होते.

घरी येऊन मागची दोन्ही चाकं स्टँडवर घेतली, पुढे ठोकळे लावले, गिअर न्यूट्रल, शाफ्टवर खडूने खूण. लिमिटेड स्लिप डिफ असेल तर दोन्ही चाकं बरोबर फिरतात, तेव्हा चाक दहा वेळा फिरवा आणि शाफ्टचे फेरे मोजा. ४.१० असतं तर ४१ आले असते. मला आले साडेपस्तीस. (साधा ओपन डिफ असेल तर एक चाक पक्कं धरून दुसरं वीस वेळा फिरवायचं, आकडा तोच येतो.) कव्हरच्या बोल्टवरचा रंग कुठेही टवका न उडालेला, खाली जुना गंज तसाच. कव्हर उघडलंच नव्हतं.

त्या खोक्यातल्या क्राऊनचे दात मोजले, ४१. कंपनीच्या ३.५५ ला क्राऊनला ३९ आणि पिनियनला ११ असतात. म्हणजे ते माझं नव्हतंच, कडेला ४१-११ कोरलेलंही सापडलं, कुणाच्या तरी ३.७३ चं होतं ते.

बिल काढून बघितलं तर त्यावर 'रिअर एक्सल सर्व्हिस आणि ट्यून' एवढंच, ना रेशो ना पार्ट नंबर. मी सही पण केली होती! वाचवलं ते टेक्स्ट मेसेजनी, त्यात ४.१० स्पष्ट लिहिलेलं. मालक आधी म्हणाला तुझं मोजणं चुकलं, मग म्हणाला पोराने गडबड केली, मग फोनच उचलेना. मिशिगनमध्ये गॅरेज सेक्रेटरी ऑफ स्टेटकडे (राज्य सरकारचं ऑफिस) रजिस्टर असावं लागतं आणि तक्रारही तिथे करता येते, ती केली, क्रेडिट कार्डवाल्यांकडे डिस्प्यूट टाकला, आणि स्मॉल क्लेम्स कोर्टात जाईन असं लेखी कळवलं, तिथे ७,००० डॉलरपर्यंत वकिलाशिवाय जाता येतं. शेवटी ७०० परत आले. बाकीचे सोडले, दंड मात्र पूर्ण भरला.

नंतर दुसऱ्या एका म्हाताऱ्या मेकॅनिककडे गेलो. त्याने रेशोचं नावही न काढता आधी विचारलं रोज किती चालवतोस आणि कुठे. म्हटलं ऑफिसला जाऊन-येऊन ८५ मैल, बहुतेक हायवे. म्हणाला ३.७३ घे, ४.१० घेऊन रोज तो आवाज कशाला ऐकतोस. यावेळी बिलावर रेशो आणि पार्ट नंबर लिहून घेतला, बसवण्याआधी पिनियनवरच्या कोरलेल्या आकड्यांचा फोटो घेतला, दात एकमेकांवर कुठे टेकतात ते बघायला रंग लावून काढलेल्या पॅटर्नचाही, आणि जुना सेट परत मागितला, तो ३९-११ निघाला. गाडी आणताना फोनवरच्या जीपीएसने ७०, आरपीएम २,२०० च्या जरा खाली.

मी त्याला विचारलं होतं, घरी ४१ दातांचं क्राऊन पडलंय, ते वापरलं तर पैसे वाचतील का. तो खूप हसला. क्राऊन आणि पिनियन कारखान्यात एकमेकांवर घासून जोडीने बनवतात, जोडीतलं एक हरवलं की दुसरं भंगार. आता त्यावर बायकोने तुळशीची कुंडी ठेवलीये, खिडकीत. नीट बसते.