रिसीव्हर की वेगळे अ‍ॅम्प? मधला मार्ग काही महिने वापरल्यावर

नवीन अ‍ॅम्प घरच्या होम थिएटरमध्ये आल्यावर पहिल्या आठवड्यात सगळंच गोड वाटतं, म्हणून लिहायची घाई केली नाही. आता नव्याची नवलाई ओसरली आहे, गाणी-सिनेमे भरपूर ऐकून झालेत, घरातल्या बाकीच्यांनीही रिमोट हाताळला आहे. त्यामुळे काय टिकलं आणि काय नुसतंच वाटत होतं, हे सांगता येईल.

आधी जोडणी. नऊ चॅनलचा, म्हणजे नऊ स्पीकर चालवणारा, रिसीव्हर (चित्र-आवाजाचे सिग्नल हाताळणारं आणि स्पीकरही चालवणारं यंत्र), त्याला बाहेरच्या अ‍ॅम्पकडे सिग्नल नेणारे प्री-आउट, आणि समोरचा डावा, उजवा व सेंटर या तिघांसाठी बाहेरचा, सिग्नल मोठा करणारा तीन चॅनलचा पॉवर अ‍ॅम्प. बाजूचे दोन आणि छतावरचे चार स्पीकर रिसीव्हरच चालवतो. समोरचे स्पीकर चार ओहमचे (हा विद्युत रोध जितका कमी तितका भार जास्त), बसायची जागा त्यांच्यापासून साधारण तीन मीटर. मॉडेलची नावं देत नाही, कारण इथे मुद्दा रचनेचा आहे.

पूर्ण वेगळा संच, म्हणजे एव्ही प्रोसेसर (चित्र-आवाजाचे सिग्नल सांभाळणारं, पण स्पीकर न चालवणारं यंत्र) आणि पॉवर अ‍ॅम्प, का नाही घेतला? या संचातला जो भाग लवकर जुना होतो तो प्रोसेसर. डॉल्बी अ‍ॅटमॉस (छतावरच्या स्पीकरमधूनही आवाज देणारी पद्धत) घरगुती रिसीव्हरमध्ये २०१४ मध्ये आलं आणि त्याआधीची चांगली-चांगली यंत्रं एका झटक्यात मागे पडली. पुढे ४के चित्रासाठी एचडीसीपी २.२ (नक्कल रोखणारी कुलूपबंदी) आलं, मग ईआर्क (टीव्हीचा आवाज रिसीव्हरकडे आणणारी सोय), मग एचडीएमआय २.१ (चित्र-आवाजाच्या केबलजोडणीची नवी आवृत्ती). त्यातही २०२० मध्ये आलेल्या पहिल्या काही २.१ रिसीव्हरमधून नव्या गेम कन्सोलचं ४के १२० हर्ट्झचं चित्र नीट जाईना, दोष आतल्या चिपमध्येच होता. पॉवर अ‍ॅम्पला यातलं काही ठाऊक नसतं. आत आलेला सिग्नल मोठा करून बाहेर द्यायचा, एवढंच त्याचं काम, आणि ते तो वीस वर्षांनीही करेल. शिवाय काही कंपन्यांच्या प्रोसेसरमधला डिजिटल भाग त्यांच्याच वरच्या श्रेणीतल्या रिसीव्हरशी बराच मिळताजुळता असतो. मग जे बदलावंच लागणार आहे ते एका खोक्यात ठेवावं, जे टिकणार आहे ते दुसऱ्यात, असा हिशेब केला. प्री-आउट असलेला रिसीव्हर हा तसा प्रोसेसरच, वर अ‍ॅम्प फुकट.

आता वॉटचं प्रकरण. रिसीव्हरच्या खोक्यावरचे वॉट म्हणजे हत्तीचे दाखवायचे दात. ‘६ ओहम, १ किलोहर्ट्झ, १० टक्के विकृती, एकच चॅनल चालू’ असं बारीक अक्षरात लिहिलेलं असेल (विकृती म्हणजे आवाजात होणारा बिघाड) तर तो आकडा सोडून द्या. ‘८ ओहम, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ, दोन चॅनल चालू’ आणि विकृती ०.१ टक्क्याच्या आत, हा आकडा बघायचा. सगळे चॅनल एकदम चालू केले की तोही घसरतो, कारण आत पॉवर सप्लाय एकच असतो.

पण मुळात लागतात किती? स्पीकरची संवेदनशीलता ८७ डेसिबल धरा, म्हणजे आठ ओहमच्या स्पीकरला एक वॉट दिला की एक मीटरवर ८७. तीन मीटरवर मोकळ्या जागेत ते साडेनऊनं कमी होईल, खोलीच्या भिंती थोडं परत देतात, म्हणजे ऐकायच्या जागी ८० च्या आसपास. दहा वॉटला ९०, शंभर वॉटला १००. सिनेमाच्या रेफरन्स पातळीला, म्हणजे थिएटरच्या प्रमाण आवाजाला, एका चॅनलचं शिखर १०५ पर्यंत जातं, त्यासाठी तीनशेच्या वर वॉट हवेत. मात्र माइकनं खोलीची मोजणी झाल्यावर रिसीव्हरच्या आवाजाचा आकडा ० म्हणजे ती रेफरन्स पातळी, आणि आमच्याकडे सिनेमा उणे २० ते उणे १५ वर चालतो. तिथे शिखरं ८५ ते ९० ची, म्हणजे दहा वॉटच्या आतला मामला. शिवाय ८० हर्ट्झच्या खालचा खर्ज सबवूफरकडे जातो आणि त्याचा अ‍ॅम्प त्याच्या पोटातच असतो.

मग बाहेरचा अ‍ॅम्प कशाला, हा प्रश्न रास्त आहे. आठ ओहमचे, ९० डेसिबलच्या वरचे स्पीकर आणि मध्यम खोली असेल तर माझं उत्तर सरळ आहे: घेऊ नका. माझे स्पीकर चार ओहमचे, काही कंप्रतांना त्याहूनही खाली उतरणारे. इथे व्होल्टेजपेक्षा करंट द्यायची ताकद लागते. रिसीव्हरच्या मेनूत चार ओहमची सेटिंग असते, पण ती बहुधा व्होल्टेज आवळून रिसीव्हरला गरम होण्यापासून वाचवते. तिनं जोर वाढत नाही.

ऐकताना काय फरक पडला? दोन्ही जोडण्यांचा आवाज मीटरनं सारखा करून ऐकलं. हे न करता केलेल्या तुलनेला अर्थ नाही, कारण अर्धा-एक डेसिबल मोठा असलेला कानाला ‘जास्त स्पष्ट’ वाटतो. रोजच्या पातळीवर, बातम्या, मालिका, संवादप्रधान सिनेमा, यात मला फरक ओळखता आला नाही. घरातल्या कुणालाच नाही. आवाज उणे १० च्या वर नेला, विशेषतः मैफलीच्या किंवा कॉन्सर्टच्या ध्वनिमुद्रणात, तेव्हा मात्र कळतो. तबल्याची थाप आणि ड्रमचा घाव पूर्वी जोरात गेला की थोडा कर्कश व्हायचा, आता तो नुसता मोठा होतो. सगळ्या बाजूंनी गदारोळ चालू असताना सेंटरमधला संवाद दबत नाही. म्हणूनच सिनेमासाठी दोनऐवजी तीन चॅनलचा अ‍ॅम्प घ्यावा असं मी म्हणेन. बहुतेक सगळे संवाद सेंटरमधूनच येतात, आणि त्यालाच वगळून डाव्या-उजव्याचे लाड करण्यात काय हशील? फक्त स्टिरिओ संगीत ऐकणाऱ्याची गोष्ट वेगळी.

यापेक्षा मोठा फरक खोलीच्या सुधारणेनं पडला, आणि हे अ‍ॅम्पवाल्यांना आवडणार नाही. माझ्याकडे ऑडिसीचं एक्सटी३२ आहे, म्हणजे माइकनं खोली मोजून आवाज सुधारणारी रिसीव्हरमधली सोय. माइक कॅमेऱ्याच्या स्टँडवर, कानाच्या उंचीवर, आणि पहिली जागा मुख्य आसनाची. माइक सोफ्याच्या पाठीला टेकवू नका. अ‍ॅपचे वेगळे पैसे पडतात, पण ते घ्याच. त्यात सुधारणा किती हर्ट्झपर्यंत करायची ते ठरवता येतं. मी ती पाचशेच्या आसपास थांबवली, खालची भणभण गेली आणि वरचा स्पीकरचा स्वभाव तसाच राहिला. दोन किलोहर्ट्झजवळ मुद्दाम दिलेला खड्डाही अ‍ॅपमधून बंद होतो, माझ्या स्पीकरना तो नको होता. यामाहाचं वायपीएओ किंवा डिराक लाइव्ह अशी दुसरी सुधारणा असलेल्यांनी त्यांच्या पद्धतीनं हेच करावं.

बाहेरचा अ‍ॅम्प लावल्यावर ही मोजणी पुन्हा करावीच लागते, कारण त्याचं गेन (सिग्नल किती पट मोठा करायचा ते) रिसीव्हरच्या आतल्या अ‍ॅम्पइतकंच असेल असं नाही. मोजणीनंतर कुठल्याही चॅनलची पातळी उणे १२ वर अडकली असेल तर ती शेवटची पायरी आहे, खरा आकडा त्याच्याही खाली असू शकतो. अ‍ॅम्पवर गेनचा स्विच असेल तर तो उतरवून पुन्हा मोजा. सेंटरमधून येणारी बारीक सुरसुरही त्यानं कमी झाली.

त्रासाचं म्हणाल तर गुणगुण. अ‍ॅम्प जोडल्याबरोबर पन्नास हर्ट्झची संथ घुमघुम सुरू झाली. एकेक वायर काढत गेल्यावर दोषी निघाली ती सेट-टॉप बॉक्सला येणारी केबल. तिचं अर्थिंग वेगळं, म्हणजे ग्राउंड लूप (दोन अर्थिंगमधून फिरणारा नको असलेला करंट). केबलवर आयसोलेटर बसवल्यावर खोली शांत झाली. अशा वेळी काही जण प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकायचा सल्ला देतात. तो ऐकू नका, जिवावर बेतेल. रिसीव्हर आणि अ‍ॅम्प एकाच सॉकेटपट्टीवर ठेवा. लांब अंतर असेल आणि दोन्हीकडे खरी बॅलन्स्ड (वाटेतला गोंगाट कापणारी) जोडणी असेल तर एक्सएलआर वायर घ्या, फूटभर अंतराला साधी आरसीए वायर पुरते.

एक छोटी वायर कुणी आठवणीनं सांगत नाही: बारा व्होल्ट ट्रिगर. ती लावली की रिसीव्हरबरोबर अ‍ॅम्प आपोआप चालू आणि बंद होतो. नाहीतर घरातला प्रत्येक जण आवाज येत नाही म्हणून तुम्हालाच हाक मारणार.

उष्णतेत झालेला बदल मात्र निर्विवाद. समोरचे तीन चॅनल बाहेर गेल्यामुळे रिसीव्हरचं झाकण लांब सिनेमानंतरही कोमटच असतं. ज्यांच्या मेनूत आतला अ‍ॅम्प तोडणारा प्री-अ‍ॅम्प मोड आहे त्यांनी बाहेरून चालणाऱ्या चॅनलना तो लावावा. अ‍ॅम्प मी क्लास डीचा (हलका, कमी तापणारा) घेतला. क्लास एबीचा तितक्याच ताकदीचा अ‍ॅम्प पेलायला शेल्फ नव्हतं, आणि कानाला तरी मला काही कमी वाटलं नाही.

बाजूच्या आणि छतावरच्या स्पीकरसाठी बाहेरचा अ‍ॅम्प घ्यायचा विचार नाही, त्यांच्या वाट्याला येणारं काम रिसीव्हर सहज करतो. पुढचा खर्च दुसऱ्या सबवूफरवर करणार आहे. सध्या मधल्या आसनावर खर्ज भरदार आणि भिंतीजवळच्या आसनावर नुसता धुमधुमाट, आणि हे कुठल्याही अ‍ॅम्पनं सुटण्यातलं नाही.