शिशाचे मणी ओतायचा साचा : घ्यावा का नाई?

पवनीच्या बाजारातून मासे धरायच्या फेकजाळ्याचे शिशाचे मणी ओतायचा दोन पाळ्यांचा (म्हंजे दोन अर्ध्या भागांचा) लोखंडी साचा घेतला. काम एक नंबर करते भाऊ, पन मुठीला लाकूड नाई, नुसती सळई, मंग दोन-चार घान ओतले का अशी तापते का गोणपाट गुंडाळल्याशिवाय हात लावता येत नाई. शिसं ३२७ डिग्रीला वितळते, चुलीवर आरामात होते, पन साचा थंडा असला तर मणी सुरकुतलेले निघतात, म्हणून आधी तो गरम करा अन् आतून चिमणीच्या दिव्याची काजळी धरा, मणी टपकन सुटते. पाळ्या जराशा सरकून बसतात, त्याच्यानं कडेला पापुद्रा येते, कानशीनं घासा नाही तर जाळ्याचा दोरा कापते. दुकानदाराले म्हटलं तर म्हणते, "हातचं काम आहे बाप्पा!" आता ह्या भावात चालते म्हणा. पन जुन्या बॅटरीचं शिसं काहून वितळवता बे? त्याचा धूर लय खराब. साधं शिसंही अंगणातच वितळवा, लेकरं दूर ठेवून, अन् ओला तुकडा पातेल्यात टाकू नका, शिसं उडून तोंडावर येते. मूठ बदलून देत असन तर डोळे झाकून घ्या.