घरच्या प्रिंटरवर जिगसॉ: तयार पझल शीटचं पाकीट वापरून झाल्यावर

बाबांच्या पायाला प्लास्टर घातलं आणि सहा आठवडे पलंग सोडायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. चौथ्या दिवशी ते पंख्याच्या फेऱ्या मोजायला लागले, तेव्हा मी ही पझल शीट मागवली. ए४ आकाराचा पातळ पुठ्ठा, एका बाजूला पांढरा मॅट लेप. त्यात १२० तुकडे आधीच कापलेले, पण एकमेकांना धरून असलेले. आपण फोटो छापायचा, शाई वाळू द्यायची आणि हलकेच वाकवून तुकडे मोकळे करायचे. पाकिटात पाच शीट. पाचही संपल्यावर लिहितेय.

पहिली प्रिंटरनेच खाल्ली. माझ्या प्रिंटरचा नेहमीचा ट्रे पुढून, खाली. तिथला कागद आत जाऊन कोलांटी मारतो आणि मग बाहेर येतो. साध्या कागदाचं काही बिघडत नाही, पण कापलेला पुठ्ठा त्या वळणावर उसवतो. कोपऱ्यातला एक तुकडा आत सुटला, तो चिमट्याने काढण्यात माझा अर्धा तास गेला. पाकिटावर ‘सर्व प्रिंटरसाठी’ असं ठळक छापलंय, त्याचा मला अजून राग आहे. मागून सरळ कागद घेणारा प्रिंटर नसेल तर या वाटेला जाऊ नका. माझ्याकडे मागे तशी फट होती, ती मी चार वर्षांत पहिल्यांदाच उघडली. लेझरवाल्यांनी तर लांबच राहावं. तिथे टोनर, म्हणजे शाईऐवजी असलेली पूड, वितळवायला कागद चांगलाच तापवतात आणि हा लेप इंकजेटच्या शाईसाठीच दिलेला असतो.

दुसरी शीट नीट गेली, पण फोटो जांभळट आला. बाबांचा बावीस वर्षांचे असतानाचा कृष्णधवल फोटो होता, सायकलला टेकून उभे असलेला. मी कागदाचा प्रकार ‘फोटो पेपर’ निवडला होता. मग माझा प्रिंटर काळा रंगही तिन्ही रंगीत शाया मिसळून बनवतो, आणि करड्या रंगात ती भेसळ लगेच दिसते. शिवाय कडेला काळे फराटे, कारण पुठ्ठा किंचित वर आला की छापणारं हेड त्याला घासतं. तिसऱ्या वेळी ‘मॅट’, ‘ग्रेस्केल’ आणि ‘जाड कागद’ असं निवडलं, तेव्हा कुठे बाबा माणसाच्या रंगाचे दिसले. वाळायला मी पूर्ण रात्र दिली. घाई केलीत तर शाई बोटांना लागते आणि बोटांची तुकड्यांना.

मूळ फोटो तळहाताएवढा होता, म्हणून ६०० डीपीआयवर, म्हणजे इंचाला ६०० ठिपके धरून, स्कॅन केला. ए४ ला ३०० डीपीआयने छापायचं तर साधारण २४८० बाय ३५०८ पिक्सेल लागतात. मोबाइलवर फिरून फिरून आलेला फोटो तिथवर पोहोचत नाही.

एक युक्ती मात्र मी स्वतः शोधली आणि तिचा मला अभिमान आहे. तुकडे बारा बाय दहा, म्हणजे एकेक तुकडा साधारण पावणेपंचवीस बाय एकवीस मिलिमीटरचा. छापण्याआधी कॉम्प्युटरवर फोटोवर तेवढ्या चौकटी आखल्या आणि डोळे, नाक, मिशी यांच्यावरून काप जाणार नाही असा फोटो सरकवला. कडेपर्यंत छापताना प्रिंटर चित्र जरा मोठं करतो, त्यामुळे दोनेक मिलिमीटर इकडेतिकडे होतं, पण नाकाचे दोन तुकडे झाले नाहीत.

आता मुख्य तक्रार. तुकडे एकमेकांसारखेच आहेत. तोच गोल कान, तीच खाच. नको तिथेही तुकडा बसतो आणि बसला असं वाटत राहतं. कडेचे ४० सोडले तर उरलेल्या ८० मध्ये आकाराची मदत जवळजवळ नाही, सगळी भिस्त चित्रावर. पाचव्या शीटवर मी हौसेने नुसतं आभाळ छापलं. ते कोणीच पूर्ण केलं नाही. पुठ्ठाही पातळ. तिसऱ्यांदा जुळवेपर्यंत कानांचे पापुद्रे सुटायला लागले.

म्हणून मध्ये एकदा स्वतः कापून बघितलं. स्टिकर फोटो पेपरवर छापून तो दोन मिलिमीटरच्या पुठ्ठ्यावर चिकटवला आणि कटर घेतला. चोवीस तुकडे, दोन संध्याकाळी आणि अंगठ्याला फोड. कान कापणं तर सोडूनच दिलं. १७६० च्या दशकात लंडनच्या जॉन स्पिल्सबरीने नकाशे लाकडावर चिकटवून देशांच्या सीमांवरून कापले होते; मीही तसंच केलं, सायकलच्या चाकावरून, हँडलवरून, बाबांच्या खांद्यावरून. तुकडे एकमेकांत अडकत नाहीत, पलंग हलला की विस्कटतात. पण हातात घेतल्यावर वजन लागतं. ते त्यांना जास्त आवडलं.

तयार शीटना पाचपैकी तीन, मुलांसाठी घेणार असाल तर चार.

चौथ्या शीटवर मी त्यांचा हल्लीचा रंगीत फोटो छापला होता, चेहरा मुद्दाम त्याच चौकटींत बसवून. सगळ्या शीट एकाच साच्याने कापलेल्या, त्यामुळे एकीचा तुकडा दुसरीत त्याच जागी अचूक बसतो, हे माझ्या आधी त्यांच्या लक्षात आलं. परवा चहा घेऊन गेले तर रंगीत फोटोतल्या टकलाखाली बावीस वर्षांची काळीभोर मिशी. मी काढायला हात पुढे केला, तर म्हणाले, “अगं, राहू दे ना.”