माटुंग्याची फिल्टर कॉफी पावडर: काम होतं, पण घड्याळ बघून प्या

माटुंग्याच्या एका जुन्या दुकानातून पाव किलो आणली, समोरच दळून देतात, घरी येईपर्यंत लोकलच्या अख्ख्या डब्यात वास. मी 80-20 घेतली, म्हणजे 20 टक्के चिकोरी (एका झाडाच्या भाजलेल्या मुळाची पूड, कॉफीत मिसळतात). चिकोरीत कॅफीन नसतंच, त्यामुळे 60-40 वाली स्वस्त पडते खरी पण ती दाट रंगासाठी, झोप उडवायला नाही.

आता मुद्द्याचं. सकाळी साडेनऊला एक टंबलर-डवरा (पेला आणि खाली पसरट वाटी) कॉफी प्यायले की अर्ध्या तासात डोकं जागेवर येतं, जीएसटीच्या एन्ट्र्या दोन तास न उठता होतात. दिवसभर मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचं रसायन साठत जातं आणि त्याने झोप येते, कॅफीन काय करतं तर लोकलमध्ये रुमाल टाकून सीट धरतात ना तसं त्याची जागा धरून बसतं. अ‍ॅडेनोसिन कुठे जात नाही हां, दारातच उभं असतं, रुमाल उचलला की धपकन बसतं, म्हणून दुपारी दीडला मी जांभया देत बसते.

संध्याकाळी सहाला दुसरा कप घेतला तो मात्र नडला. साधारण पाच तासांनी अर्धं कॅफीन अंगात शिल्लकच असतं, रात्री दोनपर्यंत पंखा बघत पडले, आणि दुसऱ्या दिवशी त्याच एन्ट्र्यांमध्ये तीन चुका.

तक्रार एकच, दळण फार बारीक दिलं, पितळी फिल्टरची भोकं बुजली आणि डिकॉक्शन (कॉफीचा दाट अर्क) उतरायला पाऊण तास. पुढच्या वेळी जाडसर मागणार. पाचपैकी चार.