ठाण्यात घर घ्यायचं तर नौपाडा की घोडबंदर?

माझं दोन्हीकडे राहून झालंय. पाच वर्षं घोडबंदर रोडला भाड्याने, आता नौपाड्यात, लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर. तेव्हा मत थोडं एकीकडे झुकलं तर चालवून घ्या.

त्याच पैशात घोडबंदरला एक खोली जास्त मिळते, गाडीला हक्काची जागा, मुलांना बाग, खिडकीतून येऊरचे डोंगर. पावसाळ्यात तर बघतच राहावं. नौपाड्यात खिडकीतून समोरच्यांचं वाळत घातलेलं धुणं दिसतं आणि पार्किंगवरून रोजची धुसफूस.

पण माझं ठरलं ते एका भिंतीमुळे. घोडबंदरच्या आमच्या स्वयंपाकघरातून शेजारच्या कॉम्प्लेक्सचा भाजीवाला दिसायचा, अगदी कांद्याच्या पोत्यांसकट. मध्ये कंपाउंडची भिंत. कोथिंबीर संपली की आधी आपलं गेट, मग सर्व्हिस रोड, मग त्यांचं गेट, मग त्यांच्या वॉचमनच्या वहीत नाव. जाऊन-येऊन अर्धा तास. एका जुडीसाठी मी गाडी काढलीय आणि येताना पुलाखालून यू-टर्न मारलाय. भिंतीत छोटं दार ठेवा म्हणून सोसायटीला सुचवलं होतं. 'सिक्युरिटी' म्हणाले, विषय संपला.

मग जाणवलं, सगळी पट्टीच अशी आहे. एका अंगाला राष्ट्रीय उद्यान, दुसऱ्या अंगाला खाडी, आणि मधल्या बहुतेक कॉम्प्लेक्सचा रस्ता आपापल्या गेटशी संपतो. म्हणून शाळेची बस, रिक्षा आणि गुजरातकडे निघालेला कंटेनर, सगळे त्याच एका रस्त्यावर. कासारवडवलीपर्यंतच्या मेट्रो 4 ने स्टेशनचा प्रवास सुधारेल बहुधा. भाजीवाल्याचा नाही.

नौपाड्यात गोखले रोड तुंबला तर राम मारुती रोड, तोही तुंबला तर कुठली तरी गल्ली, आणि ती पुढे दुसऱ्या गल्लीला मिळतेच. गडकरी रंगायतनला चालत, स्टेशनला चालत. जुन्या इमारती पाडून टॉवर उठताहेत, गर्दी वाढणार हे खरं. गल्ल्या मात्र अजून जागच्या जागी आहेत.

(वाशी-नेरूळला सिडकोने आधी रस्ते आखले, मग घरं आली. नोकरी त्या बाजूला असती तर कदाचित तिकडेच गेलो असतो.)

फ्लॅट बघायला जाल तेव्हा सॅम्पल फ्लॅटमध्ये कमी रमा. पिशवी घ्या आणि जवळच्या भाजीवाल्यापर्यंत चालून बघा. माझ्या मेव्हण्याने घोडबंदरलाच घेतलंय आणि मजेत आहे. त्याचा भाजीवाला भिंतीच्या आत आहे.