छपरावरचं काम: बेल्ट, कठडा की जाळी?

छपराचं काम ठरलं की सुरक्षेच्या नावाने आधी बेल्ट येतात, म्हणजे अंगभर पट्टे आणि पक्क्या जागी अडकवायचा दोर. पिशवीत मावतात, स्वस्त पडतात, फोटोत उठून दिसतात. पण तिघांत सगळ्यात जास्त अटी बेल्टच्याच.

आधी उंचीचा हिशोब करा. नेहमीचा दोर 1.8 मीटरचा. माणूस पडला की दोरातली घडीची पट्टी शिवण उसवत उलगडते आणि झटका शोषते. त्यात आणखी मीटरभर जातो. पाठीवरच्या कडीपासून टाचेपर्यंत दीड मीटर, शिवाय एक मीटर राखीव. म्हणजे हुक अडकवलाय तिथून खाली साधारण साडेपाच मीटर मोकळं हवं. एकमजली छपराची कड असते तीन-साडेतीन मीटरवर. तिथे दोर झटका शोषून थांबवायच्या आत माणूस जमिनीवर! अशा ठिकाणी दोर इतका आखूड बांधा की माणूस कडेपर्यंत पोचणारच नाही.

हुक कशात अडकवायचा हाही प्रश्नच. अमेरिकेच्या ओशा या कामगार-सुरक्षा खात्याचा नियम माणशी 22 किलोन्यूटन ताकद मागतो, म्हणजे सव्वादोन टन पेलणारी जागा. पन्हळ किंवा पाण्याचा पाइप त्यात बसत नाही. नुसता कमरेचा पट्टा तर नकोच. पडणाऱ्याला रोखायला तो वापरण्यावर तिथे 1998 पासून बंदी आहे, कारण सगळा झटका पोटावर आणि मणक्यावर बसतो. आणि दोराने रोखलं तरी लटकलेल्या माणसाचं रक्त पायांत साचत जातं. त्याला खाली कोण आणि कसं उतरवणार, हे चढण्याआधी ठरलेलं हवं.

सपाट किंवा कमी उताराच्या छपरावर मी डोळे झाकून कठडा निवडेन. मीटरभर उंच, मध्ये एक आडवी पट्टी. कुणाला काही अडकवायची आठवण ठेवावी लागत नाही. उभारताना मात्र धोका असतो, तेवढ्यापुरता बेल्ट लागतोच.

पण कठडा फक्त कडेवरून पडणं रोखतो. जुने सिमेंटचे पत्रे आणि उजेडासाठी बसवलेले फायबरचे पत्रे पायाखालीच फुटतात. फायबरवर धूळ-शेवाळ बसलं की तो शेजारच्या पत्र्यासारखाच दिसतो, आणि माणूस छपराच्या मधोमध खाली जातो. तिथे खालून जाळी आणि वरून चालायला फळ्या, दोन्ही हवं. जाळी कामाच्या जागेला जितकी जवळ तितकी बरी. अमेरिकेत ती बांधल्यावर 180 किलोची वाळूची गोणी टाकून तपासतात. खाली यंत्रं किंवा माळा असला तर जाळीला झोळ घ्यायला जागाच उरत नाही. मग पत्र्यावर पाय न ठेवता, खालून उचलत्या पाळण्यातून काम होतं का ते आधी बघा.

दोन तासांची गळती काढायची असेल तर कठड्याचा खर्च जिवावर येतो, मान्य. तेव्हा आखूड दोर आणि पक्की जागा. पत्रा फायबरचा किंवा जुन्या सिमेंटचा निघाला, तर त्या दिवशी वर चढू नका.