पिकअप की चौदा फुटी? मराठवाड्यात एका गाडीवर धंदा करणाऱ्यासाठी खर्च आणि नफ्याचा हिशेब

लातूर, जालना, नांदेड, परभणी, कुठंही पहिली मालवाहू गाडी घेणाऱ्यासमोर बहुतेक वेळा दोनच पर्याय असतात. एक दीड-पावणेदोन टनी पिकअप. दुसरा साडेसात टन एकूण वजनाची, साधारण चार टन माल नेणारी चौदा फुटी (चौदा फूट लांब हौद्याची) आयशर किंवा तिच्या जोडीची गाडी. शोरूममधला माणूस मायलेज आणि डाउन पेमेंट सांगतो. गाडी तरते की बुडते ते मात्र या दोन्हींवर ठरत नाही. महिन्यात चाललेल्या किलोमीटरपैकी किती भरून चालले, यावर ठरतं. म्हणून खालचा सगळा हिशेब भरल्या आणि रिकाम्या फेरीच्या अंगानं मांडला आहे.

आकडे धरताना डिझेल ९२ रुपये लिटर, कर्ज ६० महिने आणि व्याज १०.५ टक्के घेतलं आहे. पिकअप बॉडीसह रस्त्यावर १० लाखांना, त्यात ८ लाख कर्ज. चौदा फुटी १७ लाखांना, त्यात १४ लाख कर्ज. भाड्याचे आकडेही हिशेबापुरते धरलेले आहेत. तुमच्या गावचा भाव टाकून पुन्हा मांडा, रीत तीच राहील.

| | पिकअप | चौदा फुटी |
|---|---|---|
| हप्ता (महिना) | १७,२०० | ३०,१०० |
| विमा (महिन्याला वाटून) | २,८०० | ३,८०० |
| फिटनेस, पीयूसी, इतर कागद | ६०० | १,००० |
| ड्रायव्हर | १३,००० | १६,००० |
| उभ्या गाडीचा महिना (न चालताही लागणारा खर्च) | ३३,६०० | ५०,९०० |
| डिझेल (किमीला) | ७.६७ | १०.८२ |
| टायर (किमीला) | ०.५८ | १.१० |
| सर्व्हिस, क्लच, ब्रेक, डीईएफ म्हणजे धूर स्वच्छ करणारा द्रव (किमीला) | १.०५ | १.४८ |
| चालत्या गाडीचा किमी | ९.३० | १३.४० |

मायलेज भरल्या गाडीचं धरलंय, पिकअपला १२ आणि चौदा फुटीला ८.५. स्टिअरिंगवर तुम्ही स्वतः बसणार असलात तरी ड्रायव्हरचा पगार खर्चातच धरा. ‘मी स्वतःच चालवतो, पगार वाचतो’ असं म्हणणारा मालक महिनाअखेरीला स्वतःची मजुरी नफा म्हणून मोजतो आणि गाडी फायद्यात आहे असं समजतो.

नुसती टनाची भाषा केली तर निकाल सरळ दिसतो. पूर्ण भरून चालली तर पिकअपला टन-किलोमीटरमागे, म्हणजे एक टन माल एक किलोमीटर न्यायला, सव्वापाच ते सव्वासहा रुपये चालता खर्च पडतो, चौदा फुटीला साडेतीनच्या आत. पण ‘पूर्ण भरून चालली तर’ हीच अट मराठवाड्यात अवघड आहे. इथून माल निघतो तो हंगामात. ऑक्टोबर ते डिसेंबर सोयाबीन, जानेवारीपासून तूर, फेब्रुवारी-मार्चात हरभरा. वसमत-हिंगोलीकडं हळद, सेलू-मानवतकडं कापूस. मालाचा ओढा पुण्या-मुंबईकडं, हैदराबादकडं असतो. परतीला तेवढा माल मिळत नाही, मिळाला तर पडेल भावानं.

लातूर-पुणे ही एक फेरी उघडून बघू. अंतर ३३० किलोमीटर धरा. चार टन डाळीचे कट्टे, भाडं १४,०००. त्यातून डिझेल ३,५७१, दलाली ५ टक्क्यांनी ७००, टोल ७००, काटा-वाराई (वजन आणि माल भरणं-उतरवणं) ३००, भत्ता ५००, टायर-झीज ८५१. हातात उरतात ७,३७८. परत रिकामी आली तर रिकाम्या गाडीला दहाचं मायलेज धरूनही डिझेल ३,०३६, टोल ७००, भत्ता ५००, झीज ८५१, म्हणजे ५,०८७ गेले. दोन दिवसांच्या फेरीत उरले २,२९१. उभ्या गाडीचा दिवसाचा खर्च १,७०० च्या जवळ, दोन दिवसांचे ३,४००. थोडक्यात, चौदा हजारांचं भाडं मारून अकराशे रुपये खिशातून गेले.

तीच गाडी परतीला किराणा किंवा रंगाचे डबे घेऊन ८,००० रुपयांत आली, तर दलाली, काटा आणि भरल्या गाडीचं जादा डिझेल वजा जाता ६,७६५ रुपये वाढतात. फेरीचे ९,०५६ होतात. एक दिवस थांबावं लागलं आणि फेरी तीन दिवसांची झाली, तरी उभा खर्च काढून चार हजारांच्या आसपास राहतात.

परतीच्या भाड्यासाठी किती थांबायचं, याचा हिशेबही यातच आहे. थांबण्याचा दिवस १,७०० उभा खर्च आणि साधारण ५०० जेवण-पार्किंगला पडतो, म्हणजे २,२००. ६,७६५ ची कमाई तीन दिवसांत संपते. शिवाय तेवढ्यात घरची एक फेरी बुडते. दीड-दोन दिवसांच्या वर थांबू नका, सहा हजारांत मिळालं तरी उचला. राष्ट्रीय महामार्गावर २४ तासांच्या आत परत आलात तर टोलमध्ये परतीची सवलत मिळते, जास्त थांबलात तर तीही जाते.

आता महिना जोडा. परतीच्या मालासह आठ फेऱ्या झाल्या तर ७२,४४८ उरतात. ५०,९०० वजा जाता २१,५०० च्या वर नफा, उलाढालीच्या १२ टक्के. सहाच फेऱ्या झाल्या तर नफा ३,४०० रुपयांवर येतो. आठ फेऱ्या झाल्या, पण त्यातल्या तीन रिकाम्या परतल्या, तर हातात बाराशे-साडेबाराशे. फेऱ्या तेवढ्याच, ड्रायव्हरची दमछाक तेवढीच, नफा मात्र गायब. चौदा फुटीचा नफा हा परतीच्या मालाचा नफा असतो. जाण्याचं भाडं फक्त हप्ता आणि डिझेल भागवतं.

पिकअपचं पोट फेऱ्यांच्या संख्येवर चालतं. लातूर-औसा २० किलोमीटर, भाडं १,००० धरा. येऊन-जाऊन ४० किलोमीटरला ३७२ खर्च, उरले ६२८. परत रिकामीच येणार, हे भाड्यात धरलेलंच असतं, म्हणून इथं रिकामी परती मारत नाही. दिवसाला दोन फेऱ्या आणि २५ दिवस काम धरलं तर ३१,४०० जमतात, म्हणजे दोन-सव्वादोन हजारांचा तोटा. तीन फेऱ्या झाल्या तर ४७,१०० जमतात, नफा १३,५००. टक्केवारीत १८, चौदा फुटीपेक्षा जास्त. आकडा लहान आहे, पण त्यासाठी पुण्यात दलालाच्या ऑफिसबाहेर बसावं लागत नाही.

तिसरी फेरी रस्त्यावर मरत नाही, ती भरण्या-उतरवण्यात मरते. हमाल उशिरा आला, दुकानदार जेवायला गेला, गोडाऊनची चावी सापडेना, की दीड तास गेला. त्यामुळं पिकअपवाल्यानं भाड्यात दहा रुपये वाढवण्यासाठी घासाघीस करण्यापेक्षा ‘तासाभरात खाली करून द्या’ हे आधी ठरवावं. मे-जूनमध्ये कृषी सेवा केंद्रांकडं खत-बियाणं, वर्षभर किराणा, फरशी, पाइप, भाजीपाला, लग्नसराईत मंडपाचं सामान. पिकअपला हंगामाची झळ कमी बसते ती यामुळं.

पिकअपवाले फसतात ते वजनात. पावणेदोन टनाच्या गाडीत तीन टन टाकले की भाडं वाढल्यासारखं वाटतं. होतं काय, तर मागचे पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) आधी बसतात मग तुटतात, हब बेअरिंग गरम होऊन आवाज देतं, चढावर अर्धा क्लच धरून प्लेट जळते, टायरला बाजूनं फुगा येतो आणि बाराचं मायलेज नऊवर उतरतं. डिझेलचाच किलोमीटरमागचा खर्च अडीच रुपयांनी वाढतो. मोटार वाहन कायद्यात जादा वजनाला २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० दंड आहे, शिवाय जादा माल उतरवून घेण्याचा खर्च तुमचा. अपघात झाला तर विमा कंपनी वजनाची पावती मागते, ते वेगळंच.

कागदांच्या बाबतीत ७,५०० किलो हा आकडा लक्षात ठेवा. एकूण वजन तिथपर्यंत असेल तर थर्ड पार्टी विम्याचा मूळ दर दोन्ही गाड्यांना एकच आहे, १६,०४९ रुपये. २०२२ मध्ये ठरलेल्या या दरांत ७,५०० च्या वर गेलात की थेट २७,१८६. एलएमव्ही म्हणजे हलक्या वाहनाच्या लायसन्सवर ७,५०० किलोपर्यंतची मालवाहू गाडी चालवता येते, हे सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठानं ६ नोव्हेंबर २०२४ ला स्पष्ट केलंय, त्यामुळं चौदा फुटीला ड्रायव्हर मिळणं सोपं. सतरा फुटीकडं वळलात की विमा आणि ड्रायव्हरचा पगार दोन्ही वर जातात, टोलचा वर्गही तपासावा लागतो. समृद्धी महामार्गावर २०२५ च्या दरानं शंभर किलोमीटरला हलक्या मालवाहू वर्गाला ३३२ रुपये, दोन आसांच्या ट्रकला ६९७. (फास्टॅगचा वार्षिक पास खासगी गाड्यांसाठी आहे, आपल्यासाठी नाही.)

एकूण वजन ३,००० किलोच्या आत असलेल्या मालवाहू गाडीला परमिट लागत नाही. काही पिकअप त्यात बसतात, मोठ्या हौद्याच्या बसत नाहीत. आरसीवरचा आकडा बघूनच मॉडेल ठरवा. हैदराबाद किंवा बिदरकडं चौदा फुटी नेणार असाल तर नॅशनल परमिटचे वर्षाला १६,५०० धरा, महिन्याला १,३७५. नांदेड-देगलूरहून तेलंगणात जाताना टाकी इकडंच भरा, तिकडं डिझेल महाग आहे. परभणीच्या लोकांना इंधनाचा भाव आधीच जास्त पडतो, त्यांनी ९२ च्या जागी आपला दर धरावा. डिझेल एक रुपयानं वाढलं तर महिन्याला ३,५०० किलोमीटर चालणाऱ्या पिकअपला २९० रुपये लागतात आणि ५,००० चालणाऱ्या चौदा फुटीला ५९०.

छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज-शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीत कंपनीला गाडी लावायची असेल तर चौदा फुटीचं चित्र बदलतं. फेऱ्या ठरलेल्या, रिकामी परती करारात धरलेली. पण बिल ४५ ते ६० दिवसांनी मिळतं. महिन्याला डिझेलच ५४,००० चं, त्यात हप्ता आणि पगार, म्हणजे पहिलं बिल हातात येईपर्यंत दोन लाख रुपये बाजूला हवेत. डाउन पेमेंटमध्ये सगळी पुंजी घालून कंपनीचं काम घेणारा दुसऱ्याच महिन्यात हातउसने मागायला लागतो. करारात डिझेलचा मूळ भाव लिहून घ्या आणि तो दोन रुपयांनी हलला की दर बदलेल, हे कलम घातल्याशिवाय सही करू नका. पॅन आणि दहापेक्षा जास्त गाड्या नसल्याचं पत्र आधीच दिलं तर टीडीएस कापला जात नाही.

खुल्या बाजारात भाड्यातले ८०-९० टक्के भरताना मिळतात, बाकी पोच (माल मिळाल्याची शिक्क्याची पावती) दिल्यावर. पोचेवर शिक्का नीट नसेल किंवा ‘दोन कट्टे फाटके’ असा शेरा असेल, तर उरलेले पैसे अडकतात. उतरवतानाच मोजून घ्या.

आमचं मत विचाराल तर परतीचा माल देणारा एक तरी माणूस पुण्यात, सोलापुरात किंवा हैदराबादेत ठरलेला नसेल तर चौदा फुटी घेऊ नका, मग डाउन पेमेंट कितीही कमी असो. बाजारात रोज तीन फेऱ्या देणारे चार-पाच दुकानदार ओळखीचे असतील तर पिकअप घ्या. सीएनजीचा पर्याय छत्रपती संभाजीनगरच्या आसपास फिरणाऱ्यांनीच बघावा, बाकी भागात पंप विरळ आणि रांगेत फेरी जाते.

व्याजाची घासाघीस जरूर करा. पहिल्यांदा कर्ज घेणाऱ्याला १३ टक्के सांगितले जातात. १०.५ च्या तुलनेत लाखामागं महिन्याला १२६ रुपये जास्त, १४ लाखांवर पाच वर्षांत लाखाच्या वर. गाडी कधी उचलायची हेही बघा. पाडव्याला घेतली तर पहिले हप्ते जून ते ऑगस्टच्या मंदीत पडतात, तेव्हा मोंढा (धान्याचा बाजार) थंड असतो. दसऱ्याच्या आधी बॉडी बांधून तयार ठेवली तर पहिलाच हप्ता सोयाबीनच्या भाड्यातून निघतो. त्यासाठी चेसिस (बॉडी नसलेली गाडी) ऑगस्टमध्ये बुक करा, कारण सप्टेंबरात बॉडीवाल्याकडं रांग लागते. पाटा, फाळका (हौद्याची उघडणारी फळी) आणि ताडपत्रीचे हूक कसे हवेत, ते कागदावर लिहून द्या.